ऐंशी सेंटीमीटर

पत्र तेवीस वर्षांपूर्वीचं होतं आणि त्याला उत्तर द्यायला फार तर पाच मिनिटं लागली असती. गारगोटीसाहेबांना हेच सगळ्यात जास्त टोचत असे. लांबलचक, डोकं शिणवणारं पत्र असतं तर सवड झाली नाही असं स्वतःला समजावता आलं असतं. पण ड्रिलिंगवरच्या मिस्त्रीने पळवाटच ठेवली नव्हती.

रोजच्या नोंदीच्या लॉगशीटच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीने, ड्रिलर लोक आकडे लिहितात तशा सुट्या ठसठशीत अक्षरांत त्याने लिहिलं होतं:

“साहेबांना नमस्कार. शेवटच्या फेरीचा कोअर मी माझ्या हाताने नळीतून काढला आणि पट्टी लावून मोजला. ऐंशी सेंटीमीटर, एकसंध. मी तसाच घरी गेलो, त्यामुळे लॉगशीटवर तुमची सही घ्यायची राहिली. तुमच्या अहवालात वीस सेंटीमीटर, तुकडे, असं आलं आहे. चौकशीवाले म्हणतात, तुकडे आले म्हणजे धाकट्या भावाने विंचला हिसका दिला, आणि हिसका दिला म्हणून तारेचा रोप तुटला. साहेब, हिसका बसला असता तर कोअर अखंड आला नसता, हे तुम्हाला माहीत आहे. सोबत कोरी लॉगशीट आहे. पत्र लिहायला सवड नसेल तर लिहू नका. नुसता आकडा भरा आणि सही करा.”

खाली पत्ता. बस. एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं, असं साहेबांना अनेकदा वाटलं होतं. शिवीवर रागावता येतं, आणि रागाच्या भरात माणूस उत्तर तरी लिहितो.

दगडांची वयं काढणं हा त्यांचा धंदा. खोल जमिनीतून ड्रिलने काढलेला दगडाचा दांडा, म्हणजे कोअर, घ्यायचा, दळायचा, त्यातून झिरकॉनचे बारीक दाणे वेचायचे. त्या दाण्यांत किंचित युरेनियम असतं आणि त्याचं अतिशय सावकाश शिसं होत जातं. किती युरेनियम उरलं, किती शिसं झालं, ते मोजलं की दाण्याचं वय निघतं. यात भेसळ चालत नाही. दुसऱ्या दगडाचे चार दाणे मिसळले तरी सगळं मुसळ केरात. म्हणून प्रत्येक नमुन्याआधी पोलादी चक्कीतून स्वच्छ पांढरी गारगोटी फिरवून काढायची, म्हणजे आधीचा कण न कण निघून जातो. साहेब या बाबतीत इतके काटेकोर होते की ड्रिलिंगच्या माणसांनी त्यांचं नावच गारगोटीसाहेब ठेवलं. तेही मुकाट्याने ऐकून घेत. उलट उत्तर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. चार माणसांत बोलायचं टळावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते पुस्तक उघडून त्याच्या आड बसत.

मिस्त्रीचा धाकटा भाऊ मात्र त्यांना पुस्तकातून ओढून काढी. तो विंचवर, म्हणजे रोप गुंडाळणाऱ्या यंत्रावर, होता. वय तिशीचं, नुकतंच लग्न झालेलं, तोंडाला कुलूप नाही.

“साहेब, आमच्या मुकादमाचं वय काढून देता का?” तो विचारी. “दर वर्षी पंचावन्नच सांगतो.”

“त्याला दळावं लागेल,” साहेब एकदा चुकून म्हणून गेले.

सगळा कंपू पोट धरून हसला. साहेब कानापर्यंत लाल झाले. पण तो दिवस त्यांनी जपून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून धाकटा येता-जाता नदीकाठच्या पांढऱ्या गारगोट्या वेचून एका पत्र्याच्या डब्यात भरू लागला. डबा काठोकाठ भरला तेव्हा त्याने तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “घ्या. मुकादमापुरत्या झाल्या.”

भोक चार हजार एकशे तेरा मीटरवर गेलं होतं. त्याच्या खाली जाण्याची यंत्राची ऐपत नव्हती. शेवटची फेरी. तिथला दगड त्या सगळ्या पट्ट्यातला सर्वांत खालचा, आणि तो किती जुना यासाठीच सहा वर्षं हा खटाटोप चालला होता. पाइपांच्या पोटातली नळी कोअर घेऊन रोपाने वर ओढायची. रोपाच्या तारा सुटत चालल्यात, बदला, असं धाकट्याने दोनदा लिहून दिलं होतं. ओढायला सुरुवात झाली आणि रोप तुटला, चाबकासारखा उलटा आला. धाकटा जागच्या जागी गेला.

नळी खालीच राहिली. ती काढायची तर चार किलोमीटरचे सगळे पाइप एकेक करून बाहेर काढावे लागणार होते. मिस्त्रीला सगळ्यांनी घरी जा म्हणून सांगितलं. तो गेला, भावाचं सगळं उरकलं आणि त्याच संध्याकाळी परत आला. दोन दिवस पाइप निघत होते. नळी वर आली. त्याने कोअर लाकडी पेटीच्या खाचेत ठेवला, पट्टी लावली, दोन्ही टोकांना खोलीचे आकडे लिहिलेले ठोकळे बसवले, हात पुसले आणि कोणाशी न बोलता निघून गेला.

साहेबांनी कोअर उचलला. काळसर, जड, लालसर ठिपक्यांचा, आणि कुठेही तडा नसलेला.

नियम असा की कोअर उभा कापायचा, अर्धा पेटीत परत ठेवायचा आणि अर्धाच वापरायचा. साहेबांनी तो कापला. सूक्ष्मदर्शकासाठी एक पातळ काप काचेवर चिकटवून ठेवला. मग चक्कीशी आले. आधीच्या आठवड्यात तिथे कोणीतरी नदीची वाळू दळली होती. गारगोट्यांचा डबा समोर फळीवर होता. साहेबांनी तो उघडला नाही.

पुढे कित्येक वर्षं ते स्वतःला सांगत राहिले की ज्याने त्या वेचल्या त्याला जाऊन चार दिवस झाले होते, डब्यात हात घालवला नाही. हे अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण घाई होती. गारगोटी फिरवायची म्हणजे अर्धा दिवस जातो.

पहिल्या अर्ध्यातून भराभर झिरकॉन निघाले. इतक्या खोलातला दगड इतके दाणे देतो, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हाव सुटली. दुसरा अर्धाही त्यांनी चक्कीत घातला. महिन्याने आकडे आले. एक दाणा एकशे साठ कोटी वर्षांचा, दुसरा तीनशे दहा कोटींचा, तिसरा जेमतेम चाळीस कोटींचा. नदीची वाळू शंभर डोंगरांची असते. तिच्यात सगळ्या वयांचे दाणे सापडतात. ते वैभव वाळूचं होतं. दगडाचे दाणे त्यात कुठले, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि पुन्हा दळायला दगड उरला नव्हता.

अहवालात त्यांनी लिहिलं, शेवटच्या फेरीत कोअर अपुरा मिळाला: वीस सेंटीमीटर, तुकडे. वय काढता आलं नाही. एका ओळीत निस्तरलं. आपल्या अब्रूपलीकडे त्या ओळीचा कोणाशी संबंध असेल हे तेव्हा त्यांच्या गावीही नव्हतं. चौकशीवाल्यांनी ती ओळ उचलली. मयत कामगाराने निष्काळजीपणे विंच चालवला, असा निकाल लागला आणि रोपाबद्दल कोणी काही विचारलं नाही. मग मिस्त्रीचं पत्र आलं.

साहेबांनी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. तीन वह्या भरतील इतकी लिहिली आणि फाडली. एकात क्षमा फार होती, दुसऱ्यात रसायनशास्त्र. एकात स्वतःचाच इतका उद्धार झाला होता की वाचणाऱ्यालाच त्यांची समजूत घालावी लागली असती. वर्षं गेली. कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, दुसरी तिसरीत, आणि चौकशीचे कागद कुठल्या तळघरात गेले कोण जाणे. सही आता कोणाच्या कामाची नाही, असं ते म्हणू लागले. ते खरंही होतं. त्याने बरं मात्र वाटत नव्हतं.

कोअर शेडमधून फोन आला तेव्हा ते निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती.

“साहेब, शेड मोडतायत,” शेड सांभाळणारी बाई म्हणाली. “पेट्या रस्त्याच्या खडीला चालल्या. तुमचं काही असेल तर सोमवारच्या आत या.”

लेकीने गाडी काढली. ती दवाखान्यात परिचारिका होती. आठवड्यातून एकच सुट्टी मिळे आणि ती बापाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांत नाही तर दातांच्या डॉक्टरांत खर्ची पडे.

“आज दगडांचे डॉक्टर,” ती म्हणाली. “पट्टा लावा, बाबा. काय आणायचंय तिथून?”

“एक काच.”

“घरात काय काचा कमी आहेत?”

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मग, बहुधा तिचे डोळे रस्त्यावर होते म्हणून, त्यांना बोलता आलं. रोप, डबा, चक्की, वीस सेंटीमीटर, पत्र, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं. लेकीने पुढचा ट्रक जाऊ दिला.

“सही करून टाकायची होती की,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“तेवीस वर्षं?”

“हो.”

“तो डबा म्हणजे, मी बाल्कनीच्या दाराला टेकण म्हणून लावते तो?”

साहेबांनी मान हलवली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने त्यांचा सुटलेला पट्टा ओढून नीट लावला.

शेडमध्ये पत्र्याखाली पेट्यांच्या उंच रांगा होत्या. अर्ध्या रिकाम्या झाल्या होत्या आणि बाहेर ट्रकात दगड ओतल्याचा आवाज येत होता. शेवटची पेटी बाईने बाजूला काढून ठेवली होती. खालची खाच मोकळी, दोन टोकांना मिस्त्रीच्या अक्षरातले दोन ठोकळे आणि मधे धूळ.

“हिला बघायला आणखी कोणीतरी आलं होतं,” बाई म्हणाली. “झाली नऊएक वर्षं. एक म्हातारे आणि सोबत एक बाई. शेवटची पेटी दाखवा म्हणाले. मी म्हटलं, तिच्यात काही नाही. तरी दाखवा म्हणाले.”

साहेबांनी पेटीची कड धरली.

“मग?”

“खिशातून पट्टी काढली आणि रिकामी जागा मोजली. ‘बघ, ऐंशी,’ असं त्या बाईंना म्हणाले. त्यांनी पण खाचेत हात फिरवून बघितला. मला काही कळेना. रिकाम्या जागेत बघायचं काय? मग त्यांनी तुमचं विचारलं. म्हटलं, येतात महिन्यातून एकदा. नाव सांगू का, तर नको म्हणाले.”

“का?”

“म्हणाले, साहेब भिडस्त आहेत, उगाच ओशाळतील.”

साहेब तिथल्या स्टुलावर बसले. लेक पाणी घेऊन आली, ते त्यांनी नुसतं हातात धरलं. निवृत्तीनंतरही साहेब महिन्यातून एकदा या शेडमध्ये येत होते. बाईने शेडची जुनी नोंदवही उघडून दाखवली; त्याच पानावर, मिस्त्रीच्या सहीखाली चार ओळींवर, त्यांची स्वतःची सही होती. वरच्या ओळी वाचायची त्यांना सवय नव्हती.

खरं तर त्याच दिवशी घरी जाऊन कागदावर आकडा भरायचा. पण साहेबांच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. तेवीस वर्षांनी रिकाम्या हाताने कसं जायचं? आकड्यासोबत दगडाचं वयही पाठवता आलं तर? ज्याच्यासाठी माणूस गेला ते हे, असं काहीतरी त्या बाईंना, म्हणजे धाकट्याच्या बायकोला, सांगता येईल. शेडमधल्या कपाटाच्या तळातून त्यांनी ती काच शोधून काढली. पातळ काप, चक्कीत न गेलेला, वाळूचा वाराही न लागलेला. त्यात बघायचं राहिलंच होतं. तेव्हा इतके बारीक दाणे जागच्या जागी मोजणारी यंत्रं नव्हती. आता होती.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता त्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. तिच्याही केसांत पांढरं आलं होतं. साहेबांना बघून ती उभी राहिली, तसे तेच अवघडून उभे राहिले आणि दोघं बराच वेळ उभेच होते.

तिने काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

“तीन दाणे आहेत, सर. इवलेसे आहेत. पण सर, मोजायचं म्हणजे किरण दाण्याला जाळत आत जातो. एवढ्या लहान दाण्यांत मागे काही उरणार नाही.”

“माहीत आहे.”

“हा शेवटचाच काप आहे ना? थोडं थांबलो तर? पाच-दहा वर्षांत याहून चांगली यंत्रं येतील.”

साहेबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. पाच-दहा वर्षं. ती चांगल्या मनाने बोलत होती, आणि बरोबर बोलत होती. त्यांनीच तिला शिकवलेलं होतं, अर्धं नेहमी राखून ठेवायचं.

“मोज,” ते म्हणाले.

दुपारभर ते बाहेरच्या बाकावर बसले होते. मनातल्या मनात पत्र जुळत होतं, पहिल्यांदाच सरळ: दगड अमुक कोटी वर्षांचा निघाला, मिस्त्री, तुमच्या भावाने ओढायला घेतलेला. चार वाजता ती कागद घेऊन बाहेर आली, आणि तिच्या चालण्यावरूनच त्यांना कळलं.

“दोन दाणे तडकलेले होते, सर. शिसं केव्हाच निघून गेलंय. तिसऱ्याचं काहीतरी येतंय.”

“किती?”

“नव्वद कोटी ते तीनशे कोटी. त्या मधलं काहीही.” ती थांबली. “याला वय म्हणता येणार नाही.”

“मुकादमाचं वय,” साहेब पुटपुटले.

“काय सर?”

“काही नाही. दाणे?”

“गेले, सर.”

तिने काच मऊ कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. त्यांनी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबल मोकळं केलं आणि मिस्त्रीने पाठवलेली कोरी लॉगशीट उलगडली. घड्यांवर कागद पिवळा पडला होता. पासून, पर्यंत, मिळालेला कोअर, शेरा, सही. आकडे पेन्सिलीने लिहायचे, कारण चिखलपाण्यात शाई पसरते. टेबलावर चिखल नव्हता, तरी त्यांनी पेन्सिलच घेतली.

मिळालेला कोअर: ऐंशी सेंटीमीटर. एकसंध.

खरोखर पाच मिनिटंही लागली नाहीत. शेऱ्याची जागा बोटभर होती, तेव्हा फार लिहिण्याची सोयच नव्हती. त्यांनी लिहिलं: “पूर्ण कोअर मी घेतला व पूर्ण दळला. वीस हा आकडा खोटा, तो मी लिहिला. विंच नीट चालवला होता. दगडाचं वय कळलं नाही, यापुढे कळणार नाही.” मग पेनाने सही. तारीख कुठली घालायची यावर ते अडले. सही राहिली त्या दिवसाची घातली तर तेही खोटंच झालं असतं. त्यांनी आजची घातली.

क्षमेसाठी जागा उरली नव्हती. कागद उलटून मागे लिहावी असं मनात आलं, पण मिस्त्रीने नुसता आकडा आणि सही मागितली होती. त्यांनी कागद जुन्या घड्यांवरच पुन्हा दुमडला.

टपालपेटी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाबाहेर होती. लेक कामावर निघाली होती, तीही सोबत चालली. तिने पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला.

“पत्ता तेवीस वर्षांचा आहे, बाबा.”

“हो.”

“ते असतील का तिथे?”

“नऊ वर्षांपूर्वी त्यांचा हात कापत होता. नोंदवहीत सहीवरून दिसतं.”

“त्या बाई?”

साहेबांनी मान हलवली. त्या हलण्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. कागद पोचला तरी त्याने काय होणार होतं, याची यादी त्यांच्याजवळ तयार होती आणि ती फार लहान होती. निकाल बदलणार नव्हता. आपल्या घरातला माणूस निष्काळजी होता, हे ज्यांनी तेवीस वर्षं ऐकलं, त्यांना आता एक कागद मिळणार होता. आणि तो आकडा तर त्यांना आधीपासून माहीत होता.

लेकीने पाकीट उलटलं.

“मागे आपला पत्ता नाही घातलात.”

“राहिला.”

“राहिला की राहू दिलात?”

लेकीने खांद्यावरच्या पिशवीतून पेन काढून पुढे केलं. त्यांनी पाकीट टपालपेटीच्या डोक्यावर ठेवलं आणि चष्मा वर सारून, सावकाश, ड्रिलर लोक लिहितात तशा सुट्या अक्षरांत नाव आणि घराचा पूर्ण पत्ता लिहिला. शाई वाळेपर्यंत थांबले. मग पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं आणि सोडलं.